चारच्या आत

"दुखणं दहापैकी किती?" मी विचारलं.

"तीन," साहेब म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताची बोटं पलंगाच्या दांडीभोवती अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. सकाळचे आठ वाजलेले, खिडकी उघडी, पंखा चालू, आणि माणसाच्या कपाळावर घाम. खालचा ओठ दातांत धरलेला. आणि म्हणे तीन.

"नक्की तीन?"

"सिस्टर, तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. आता लिहा."

मी लिहिलं. वरच्या ओळीत काल संध्याकाळचा तीन होता. त्याखाली रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेला तीन. संध्याकाळच्या माझ्या फेरीला खरं तर ते साडेतीन म्हणाले होते, पण आमच्या तक्त्यात अर्ध्याला जागा नाही, म्हणून मी तीनच केला होता.

साहेब म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारे. तीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी शेरे मारले आणि वॉर्डात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना नापाससाहेब म्हणायचे. आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं. मोठ्या सिस्टरांच्या यजमानांना दोनदा. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला तीनदा, त्यातलं एकदा तर गाडी सुरू करण्यापूर्वी उसासा टाकला म्हणून. "ज्याला सुरुवातीलाच उसासा टाकावा लागतो, तो चौकात काय करणार?" असं म्हणाले होते म्हणे.

आता त्यांचा कॅन्सर मणक्यात आणि बरगड्यांत उतरला होता. तो बरा होणारा नव्हता. हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, माहीत होतं आणि कुणी कुणापासून लपवत नव्हतं, एवढं एक बरं होतं. राहिलेले दिवस दुखण्याशिवाय जावेत एवढंच काम आमच्याकडे उरलं होतं. ऐकायला किती सोपं.

याच कामाचं प्रशिक्षण घ्यायला मला पाठवलं होतं. पॅलिएटिव्ह केअर, तीन दिवस. कुणी जायला तयार नव्हतं, तेव्हा मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "तू जा गं. तुझं मूल लहान आहे, तिथे निदान बसून तरी राहशील." दुसऱ्या दिवशी तिथे नाटुकलं होतं. मी रुग्ण, बाकीच्यांनी माझ्याशी नीट बोलायचं. मला पलंगावर झोपवून डोळे मिटायला सांगितलं आणि मी चौथ्या मिनिटाला खरोखर झोपले. दीड वर्षाच्या मुलीच्या आईला दिवसाढवळ्या आडवं केल्यावर दुसरं काय होणार? शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, हिने रुग्णाची ग्लानी किती खरी दाखवली!" प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट सहभाग' लिहून आलं.

पण जागी असताना मी जे ऐकलं, ते मला मनापासून पटलं होतं. रुग्णाच्या शेजारी बसा, उभ्या उभ्या बोलू नका. दुखणं म्हणजे रुग्ण सांगेल ते, आपल्याला वाटेल ते नव्हे. घरच्यांना शिकवा. हे सगळं मी वहीत लिहून आणलं आणि आल्या आल्या मोठ्या सिस्टरांसमोर ठेवलं. त्यांनी वही चाळली, बाजूला ठेवली आणि बरोबर आलेल्या कागदांतून एक कागद उचलला. रुग्णाला घरी पाठवण्याचा तक्ता. चौकटी, रकाने, आणि तळाला एक ओळ: सलग अठ्ठेचाळीस तास आकडा चारच्या आत असल्यास घरी पाठवण्यास पात्र.

"हे कामाचं आहे," त्या म्हणाल्या.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून आमच्या वॉर्डात एवढा एक कागद शिरला. त्याच्या दोन हजार प्रती छापल्या. एक लॅमिनेट करून भिंतीवर लावली. शेजारी बसायला स्टूल मात्र दहा पलंगांमागे एकच राहिलं, आणि त्या स्टुलावर गेले एकोणीस दिवस काकू बसल्या होत्या.

साहेबांना मॉर्फीनचं औषध सोमवारी सुरू झालं, थोड्या मात्रेत. सोमवारी आकडा आठ, मंगळवारी सात, बुधवारी दुपारी सात. आणि बुधवारी संध्याकाळी एकदम तीन. डॉक्टर खूश झाले. "बघितलंत सिस्टर? लागू पडलं औषध." खरं सांगायचं तर मीही खूश झाले. शनिवारी सकाळी आमची ॲम्ब्युलन्स लोकांना घरी सोडायला निघते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत आकडा चारच्या आत राहिला, की साहेब शनिवारी घरी. नाही राहिला, तर पुढचा शनिवार. आणि पुढच्या शनिवारी ते असतील की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकले नसते.

गुरुवारी दहाच्या सुमाराला सफाईच्या मावशी माझ्याकडे आल्या. हातात उशीचा अभ्रा.

"ताई, हे बघा. साहेब उशी खातात."

"काय?"

"खातात म्हणजे चावतात. तुम्ही विचारून गेलात की तोंड उशीत. मी फरशी पुसत होते ना, मला वाटलं उलटी होतेय, म्हणून भांडं घेऊन धावले तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, तुमचं काम करा."

अभ्र्याचा एक कोपरा ओला होता आणि त्याची शिवण उसवलेली होती. मी तो हातात धरून तशीच उभी राहिले. काल संध्याकाळपासून मी या माणसाला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा अगदी सुवाच्य अक्षरात खोटं लिहिलं होतं.

मी त्यांच्या पलंगाशी गेले. काकू स्टुलावर होत्या. मला बघून उठायला लागल्या, तर मी म्हटलं, "बसा काकू, मी इथे टेकते," आणि पलंगाच्या कडेला बसले. ते नियमात बसत नाही, पण शेजारी बसा असं ज्यांनी शिकवलं, त्यांनी कुठे बसायचं ते सांगितलं नव्हतं.

"साहेब, हा अभ्रा कुणी चावला?"

"उंदीर असतील."

"दात माणसाचे आहेत."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत. पण त्या हसू दाबत होत्या. मग खरंच रडल्या.

"मी सांगत होते यांना," त्या म्हणाल्या. "सांगत होते, की पोरगी चांगली आहे, तिला खरं सांगा. तर मला म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, पेपर माझा आहे."

"कसला पेपर?"

साहेबांनी छताकडे बघितलं. "बुधवारी तुम्ही हिच्याकडून घरचा पत्ता लिहून घेत होतात. घरी पाठवायच्या तक्त्याची पाटी माझ्यासमोर धरली होती."

"उलटी होती ती."

"तीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून मी लोकांचे अर्ज वाचले, सिस्टर. सुलटा कागद वाचायला मला चष्मा लागतो, उलटा असाच वाचता येतो." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "चारच्या आत, अठ्ठेचाळीस तास. पास व्हायला किती लागतात ते कळल्यावर न कळल्यासारखं कोण करतं?"

मला रागच आला. जन्मभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणारा माणूस, आणि शेवटी लबाडी कुठे करतो, तर स्वतःच्या दुखण्यात.

"अहो, पण तीन सांगितलं तर डोस वाढत नाही! आहे तेवढ्याच औषधावर घरी जाल. घरी काय करणार? उशाच चावणार?"

"घरी उशा जास्त आहेत."

"साहेब, चेष्टा पुरे."

"मग तुम्हीही पुरे करा." त्यांचा आवाज खाली आला. "हिचे पाय बघितलेत?"

मी बघितले. एकोणीस दिवसांत रोज बघत होते आणि तरीही बघितले नव्हते. काकूंचे घोटे कुठे होते ते कळत नव्हतं. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. त्यांनी चटकन पाय स्टुलाखाली ओढून घेतले, शाळेत मुली फाटका मोजा लपवतात तसे.

"ती इथून हलत नाही," साहेब म्हणाले. "मी इथे असेपर्यंत ती आडवी होणार नाही. घरी गेलो तर पलंग आहे, ती माझ्या उजव्या बाजूला झोपते. एवढंच मला पाहिजे. तीन लिहा."

मी उठले. लिहू तरी काय? सात लिहिलं तर शनिवार हातचा जातो. तीन लिहिलं तर हा माणूस शनिवारी घरी जाऊन रविवारपर्यंत ओरडत असतो आणि काकू सुजल्या पायांनी त्याच्याभोवती फिरत असतात, हातात रिकामी बाटली घेऊन.

मी डॉक्टरांना गाठलं. ते चालता चालता सँडविच खात होते. वाईट माणूस नव्हता. दोन वॉर्ड आणि एक ओपीडी एकट्याच्या गळ्यात होते.

"डॉक्टर, नापाससाहेबांचं दुखणं तीन नाहीये. डोस वाढवायला हवा."

"चार्टवर तीन आहे."

"ते खोटं सांगतायत."

"सिस्टर," ते घास गिळून म्हणाले, "कोर्स कोण करून आलं? दुखणं म्हणजे रुग्ण सांगेल ते. तुम्हीच मला वही दाखवलीत. रुग्ण तीन सांगतोय. तीनला मी मॉर्फीन कसं वाढवू? उद्या झोपेतच गेले तर त्यांचा मुलगा परदेशातून येऊन मला विचारेल."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. मी कपाळाला हात लावला. तीन दिवस शिकून मी काय घेऊन आले होते, तर स्वतःलाच गप्प करणारं एक वाक्य.

मग मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. तो रकाना बोटभर रुंद आहे, त्यात सहसा 'ठीक' मावतं. मी बारीक अक्षरात लिहिलं: रुग्ण तीन सांगतो. दांडी घट्ट धरतो, घाम येतो, कूस बदलताना श्वास रोखतो, उशी चावतो. घरी जाण्यासाठी कमी सांगत असल्याचं स्वतः कबूल केलं. मला आकडा सातच्या वर वाटतो. खाली सही केली, वेळ टाकली आणि डॉक्टरांच्या हातात पाटी दिली.

त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. "उशी?"

"अभ्रा दाखवू?"

"नको." त्यांनी सँडविचचा उरलेला तुकडा खिशातल्या कागदात गुंडाळला. "बरं. वाढवतो. पण सिस्टर, मग मोजणी आजपासून पुन्हा. शनिवार गेला."

मोठ्या सिस्टर काउंटरपलीकडून म्हणाल्या, "गेलाच. नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की उद्या सगळे रांगेत."

"कसली रांग, सिस्टर? मरणाऱ्यांची?"

"तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, माझा आवाज चढला होता.

साहेबांना सांगायला मीच गेले. वाढवलेला डोस घेऊन गेले. त्यांनी औषध घेतलं, पाणी प्यायले, कपडा मागून तोंड पुसलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"साहेब..."

"हिला विचारा काय ते. मी नापास झालोय."

काकूंनी माझा हात धरला. धरला म्हणजे दाबला, चांगलाच. त्यात राग होता की समजूत, मला आजही कळत नाही.

दुपारी घरून सासूबाईंचा फोन आला, मुलीने भात खाल्ला नाही, थुंकला. तो फोन ठेवल्यावर मी चादरींच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि प्रशिक्षणाच्या बाईंना फोन लावला. का लावला? कुणावर तरी ओरडायचं होतं म्हणून. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

"बाई, तो अठ्ठेचाळीस तासांचा नियम कुणी केला?"

"कुठला नियम?" मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, बाई कुठेतरी दुसरा वर्ग घेत असाव्यात.

"तुमच्या तक्त्यातला. चारच्या आत, अठ्ठेचाळीस तास, मगच घरी."

बाई वर्गाबाहेर आल्या असाव्यात, खुर्च्यांचा आवाज थांबला. मग, "अगं, तो नमुना होता."

"नमुना?"

"रकाने कसे भरायचे ते दाखवायला. रिकामा तक्ता पडद्यावर कसा दाखवणार? काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. खाली ठळक लिहिलंय की, हे केवळ उदाहरण, आपापल्या ठिकाणी डॉक्टर आणि कुटुंबाने मिळून ठरवावे."

"खाली असं काही नाही."

"असणारच."

मी दार उघडून भिंतीवरच्या लॅमिनेट कागदाकडे बघितलं. खालच्या कडेला, प्लास्टिकच्या आत, अक्षरांचे वरचे वरचे शेंडे दिसत होते. मात्रा, वेलांट्या, एखादा अनुस्वार. झेरॉक्स काढताना ती ओळ कापली गेली होती. गेले पाच महिने मी रोज त्या कागदासमोरून जात होते आणि ती डिझाइनची किनार आहे असं समजत होते.

"आणि चार?" मी विचारलं. "चारच का?"

"चार... अगं, पाच लिहिलं असतं तरी चाललं असतं."

मला हसू आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. साहेब, उशी, पाय, शनिवार. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, आणि हे मात्र त्यांनी आम्हाला शिकवलेलं तंतोतंत पाळलं.

"घरी जाणं हे काय बक्षीस आहे का, दुखायचं थांबल्याबद्दलचं?" त्या शेवटी म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. "योग्य डोस दे, मध्येच दुखलं तर द्यायचा जादा डोस दे, पोट साफ राहायचं औषध दे, बायकोला मोजायला शिकव आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर दे. झालं. डॉक्टर कुठेत? त्यांना फोन दे."

डॉक्टरांनी फोन कानाला लावला आणि पुढची सहा मिनिटं ते फक्त "हो मॅडम" म्हणत होते. एकदा "नाही मॅडम" म्हणाले आणि लगेच "हो मॅडम". फोन परत देताना त्यांचे कान लाल झाले होते.

"शनिवारी जाऊ देत," ते म्हणाले. "आज-उद्या डोस बसवू. घरी गेल्यावर रोज फोनवर विचारू, लागलं तर तिथेच वाढवू."

"आणि तक्ता?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"तो नमुना होता, सिस्टर."

"नमुना कसा असेल? लॅमिनेट केलाय!" त्या भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर करून तळाची कडा बघितली, बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "दोन हजार छापलेत. ते संपेपर्यंत वापरावे लागतील." आणि मग माझ्याकडे न बघता, "यांच्या कागदावर ती ओळ पेनाने खोड. पण नीट खोड, गिचमिड नको."

मी साहेबांच्या पलंगाशी गेले तेव्हा ते जागेच होते, भिंतीकडे तोंड करून. वाढवलेल्या डोसाने हात दांडीवरून खाली आला होता, मूठ मात्र अजून वळलेली होती.

"साहेब, शनिवारी घरी चाललात."

"आकडा सात आहे म्हणे माझा. कुणीतरी लिहिलाय."

"तो नियम नव्हताच. कुणीतरी उदाहरण म्हणून लिहिलं होतं. आमच्या लोकांनी नियम समजून छापलं."

त्यांनी मान वळवली. हळूहळू, दोन टप्प्यांत, श्वास रोखून.

"नियम नव्हता?"

"नव्हता."

"मग मी कालपासून उशी कशासाठी चावली?"

मी त्यांची घसरलेली उशी नीट केली. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "सही कुणाची आहे त्या कागदावर?"

"कुणाचीच नाही."

"बिनसहीचा कागद!" उठून बसता आलं असतं तर ते उठून बसले असते. "तीस वर्षांत बिनसहीचा एक कागद मी टेबलावर ठेवू दिला नाही, आणि आता... अगं, ऐकलंस का? बिनसहीचा!"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "शेजारच्या वॉर्डानेही ऐकलं."

मी पुन्हा पलंगाच्या कडेला टेकले. "आता शनिवारची काळजी नाही. आकड्याने काही अडणार नाही. तर खरं सांगा. औषध घेऊन दोन तास झालेत. आत्ता किती?"

त्यांना वेळ लागला. डोळे मिटले. त्यांना कुणी घाई केली नाही. पलीकडच्या पलंगावरचा माणूस खोकला, मावशींची बादली गेली.

"सहा," ते म्हणाले. मग डोळे न उघडता, "सकाळी नऊ होता. काल रात्री तर... काल रात्री मी हिला म्हटलं, हिला म्हणजे मनातल्या मनात म्हटलं, की दार उघड आणि कुणालातरी बोलाव. पण तोंडाने नाही म्हटलं."

काकूंनी त्यांच्या वळलेल्या मुठीवर हात ठेवला. "मी जागीच होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही झोपलात."

शुक्रवारी डोस आणखी वाढला. दुपारी साहेब तोंड उघडं टाकून झोपले आणि काकू घाबरून मला बोलवायला आल्या. मी नाडी बघितली, श्वास बघितला, आणि म्हटलं, "काकू, याला झोप म्हणतात." उठल्यावर ते म्हणाले चार. मग म्हणाले, "साडेचार. खरं खरं." मी साडेचार लिहिलं, दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर.

मग काकूंची शिकवणी. बिनसुईची सिरिंज, बाटली, आणि सरावाला पाणी. पहिल्यांदा पाणी रेषेच्या पुढे गेलं. "याची सवय लागली तर हो, सिस्टर?" त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं की दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या औषधाचं तसं नसतं, आणि पोट मात्र बिघडतं, म्हणून दुसरी बाटली रोज न चुकता. त्यांनी ते मागच्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानावर लिहून घेतलं. साहेब पलंगावरून बघत होते.

"सिरिंज डोळ्यासमोर धर. वरून काय बघतेस? तिरकं दिसेल. नापास. पुन्हा."

"गप्प पडा," काकू म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं तुमच्या भाजीत मीठ अंदाजाने घातलं, तेव्हा नाही केलंत नापास."

"तेव्हा घर तुझं होतं. हे औषध माझं आहे."

चौथ्या वेळी पाणी रेषेला बरोबर लागलं. काकूंनी सिरिंज त्यांच्या डोळ्यासमोर नेऊन धरली, अगदी नाकाशी. "हं?" "हं," ते म्हणाले.

शनिवारी त्यांना न्यायला तोच ड्रायव्हर आला, तीनदा नापास झालेला. स्ट्रेचर आत चढवताना साहेब त्याला म्हणाले, "गतिरोधक आला तर सावकाश." तो म्हणाला, "साहेब, आज तरी मला चालवू द्या," आणि दार इतकं हलकं लावलं की त्याला ते पुन्हा लावावं लागलं. काकू पुढे बसल्या. जाताना साहेबांनी मला आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. "शेऱ्याचा रकाना मोठा करायला सांगा," एवढंच म्हणाले.

रविवारी माझी सुट्टी होती. घरी पाठवलेल्यांसाठी मी माझा स्वतःचा नंबर लिहून दिला होता, कारण वॉर्डचा फोन कुणी उचलायला तीनदा लावावा लागतो. चारच्या सुमाराला तो वाजला तेव्हा मी मुलीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडात पेज घालत होते आणि ती घास माझ्या ओढणीवर परत करत होती.

"सिस्टर, मी बोलतेय," काकू कुजबुजत होत्या. "एक वाजता दिलं. रेषेला बरोबर. तीन वाजता थोडं दुखलं, तर तुम्ही म्हणालात तो जादाचा दिला. आता झोपलेत."

"छान. मग?"

"मग चार वाजलेत ना. कागदावर चार वाजताचा रकाना आहे. आकडा विचारायचाय. उठवू का त्यांना?"

"नाही!" मी इतकी ओरडले की मुलगी दचकली आणि रडायला लागली. "काकू, झोपलेल्या माणसाला उठवून दुखतंय का विचारायचं नसतं. काय वेडेपणा आहे हा!" म्हणता म्हणता मला आठवलं की हाच वेडेपणा आमच्या वॉर्डात दर चार तासांनी चालतो आणि मीही तो केलाय, टॉर्च घेऊन.

"बरं बरं, रागावू नकोस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला एकेरीत. "पण मला भीती वाटते गं. खरंच झोपलेत ना? ऐक जरा."

त्यांनी फोन तिकडे नेला. मी मुलीला उगी करत कान लावला. आधी कपड्याचा खसखस आवाज. मग घोरणं. फार मोठं नाही, मध्ये मध्ये अडखळणारं, पण घोरणंच. मुलीनेही रडणं थांबवून ऐकलं आणि फोन ओढायला लागली.

"ऐकलंस?" काकू परत आल्या.

"ऐकलं. झोपलेत. आता तुम्हीही त्यांच्या शेजारी आडव्या व्हा. पुढचा डोस पाचला आहे, गजर लावा आणि पडा."

"दिवसाच्या चार वाजता?"

"दिवसाच्या चार वाजता."

"आणि तो रकाना? रिकामा दिसेल."

"राहू दे रिकामा," मी म्हटलं.

पलीकडे पलंग करकरला. फोन ठेवायचं त्या विसरल्या, म्हणून मीच ठेवला.